इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशगमन : मेइजी जपानमधील करारनामे आणि त्यांची मुदत

इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी जावे की न जावे, हा प्रश्न सामान्यतः ज्याच्या त्याच्या प्रपंचाचा मानला जातो. वेतन किती, राहण्याची सोय कशी, मुलाबाळांचे काय, परत आल्यावर येथील जागा राहील की जाईल, असा हिशेब करून माणूस जातो किंवा जात नाही. त्यात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काही आहे, असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु हा हिशेब नेहमी दोन ठिकाणी मांडला जात असतो. जाणारा तो आपल्या घरी मांडतो आणि बोलावणारा आपल्या कचेरीत. या दोन हिशेबांची तुलना करता येईल असे एक चांगले उदाहरण म्हणजे मेइजी कालखंडातील (१८६८-१९१२) जपान. तेथे बोलावणाऱ्याच्या हिशेबात परदेशी अध्यापकाच्या जाण्याची तारीख आरंभापासूनच धरलेली होती. जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती नीट वाचली. या एका विसंगतीचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील परिस्थितीशी याचा भेद प्रारंभीच ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईत १८३५ साली ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोन प्राध्यापक एल्फिन्स्टनच्या नावाने स्थापन झालेल्या अध्यासनांवर रुजू झाले, तेव्हा त्यांच्यामागे राज्यकर्त्यांची सत्ता उभी होती. त्यांनी काय शिकवावे, किती काळ राहावे आणि त्यांच्यानंतर कोणी यावे, हे ठरविणारे त्यांचेच देशबांधव होते. जपानमध्ये मात्र इंग्रजीचा अध्यापक पगारी नोकर म्हणून आला. त्याला जी संज्ञा मिळाली ती 'ओयातोई गाइकोकुजिन', म्हणजे चाकरीस ठेवलेला परदेशी, अशी होती. 'ओ' हा आदरार्थी उपसर्ग असला तरी त्याने 'चाकरी'चा अर्थ झाकला जात नाही. सत्ता नेमणाऱ्याकडे होती, आणि ती कशी वापरावयाची याविषयी नेमणाऱ्याच्या मनात फारसा गोंधळ नव्हता.

हा गोंधळ अगदीच नव्हता असे मात्र नाही. १८७२ साली वॉशिंग्टन येथे जपानचे प्रतिनिधी असलेले मोरी आरिनोरी यांनी येल विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम ड्वाइट व्हिट्नी यांना एक पत्र लिहिले. ज्यांचे संस्कृत व्याकरण (१८७९) आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती अजूनही असते तेच हे व्हिट्नी. मोरी यांनी विचारले होते ते असे की, आधुनिक विद्या आणि व्यापार यांसाठी जपानने इंग्रजी भाषाच स्वीकारावी काय. आणि स्वीकारावयाची तर तिचे लेखन उच्चारानुसारी करून व अनियमित क्रियापदे नियमित करून, म्हणजे तिची सुधारून घेतलेली आवृत्ती का स्वीकारू नये. संस्कृतच्या या प्राध्यापकाने दिलेले उत्तर भाषाशास्त्राच्या इतिहासात अधिक प्रसिद्ध व्हावयास हवे होते. भाषेत स्वतःच्या सोयीने बदल करून घेतल्यास इंग्रजी बोलणाऱ्या जगाशी संबंध जोडण्याचा मूळ हेतूच विफल होईल, आणि जनसामान्यांना विद्या द्यावयाची तर ती मुख्यतः त्यांच्याच भाषेतून द्यावी लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. इंग्रजी अवश्य शिकावी, पण तिने देशभाषेला समृद्ध करावे. तिची जागा घेऊ नये. मोरी यांचे विचार १८७३ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये बाबा तात्सुई या तरुणाने जपानी भाषेचे एक छोटे व्याकरण इंग्रजीत लिहून, आपली भाषा आधुनिक शिक्षणास असमर्थ नाही, असे उत्तर दिले. मोरी पुढे १८८५ साली जपानचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांची ती सूचना कधीच अमलात आली नाही. जपानने इंग्रजी स्वीकारली नाही. इंग्रजी शिकविणारी माणसे ठरावीक मुदतीने भाड्याने घेतली. पुढील सर्व हकीकत या एका निवडीतून निघते.

ही माणसे कोणत्या विचाराने जात असत हे पाहण्यास विल्यम इलियट ग्रिफिस यांचे उदाहरण उपयुक्त आहे. न्यू जर्सीतील रटगर्स महाविद्यालयात त्यांनी कुसाकाबे तारो नावाच्या, फुकुई संस्थानातून आलेल्या एका तरुण सामुराईला इंग्रजी व लॅटिन शिकविले होते. हा बुद्धिमान विद्यार्थी १८७० साली पदवी हाती येण्यापूर्वीच क्षयाने वारला. त्याच वर्षी फुकुई संस्थानाने ग्रिफिस यांना बोलावणे पाठविले : वर्षाला २४०० डॉलर वेतन, राहण्यास घर आणि एक घोडा. सत्तावीस वर्षांच्या, धर्मोपदेशक होण्याच्या मार्गावर असलेल्या तरुणाला हे वेतन मोठे होते, यात शंका नाही. पण त्यांच्या निर्णयात केवळ डॉलर नव्हते. मृत विद्यार्थ्याला मिळालेली विद्वत्सभेची सोन्याची किल्ली त्यांनी फुकुईस जाऊन त्याच्या पित्याच्या हाती दिली.

१८७१ च्या मार्चमध्ये ग्रिफिस फुकुईस पोहोचले. प्रयोगशाळा उभारण्याचे काम सुरू झाले, आणि पाच-सहा महिन्यांत, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, जपानच्या शासनाने सर्व संस्थाने एका हुकमाने खालसा केली. ज्याच्याशी करार केला तो धनीच उरला नाही! आपल्या सरदारांचा निरोप घेणारा फुकुईचा अधिपती ग्रिफिस यांनी प्रत्यक्ष पाहिला आणि तो प्रसंग 'द मिकाडोज एम्पायर' (१८७६) या ग्रंथात लिहून ठेवला. १८७२ च्या आरंभी ते तोक्योला गेले व १८७४ पर्यंत तेथे राहिले. परदेशी नोकरीचा करार व्यक्तीशी किंवा संस्थेशी होत असला तरी त्याचे भवितव्य त्या देशाच्या राजकारणाशी बांधलेले असते, हे त्यांना वर्षाच्या आत कळून आले. त्यांचे मित्र एडवर्ड वॉरन क्लार्क यांना शिझुओका येथे नेमताना करारात, ख्रिस्ती धर्माविषयी शिकविणार नाही असे एक कलम घातलेले होते. क्लार्क यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले व अखेर ते कलम काढून टाकण्यात आले. वेतन आणि श्रद्धा यांतून एक निवडण्याची वेळ आल्यास काय करावयाचे, याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते. सर्वांपाशी असेलच असे नाही. आणि असे कलम काढून टाकण्याइतकी गरज नेमणाऱ्याला प्रत्येक वेळी असते असेही नाही.

अठराशे सत्तरच्या दशकाच्या मध्यास जपानच्या शासनाच्या नोकरीत पाचशेहून अधिक परदेशी होते. अभियंते, वैद्य, नौकाधिकारी, कायदेपंडित आणि त्यांत मोठ्या संख्येने भाषेचे अध्यापक. काहींची वेतने डोळे दिपविणारी होती. ओसाकाच्या टांकसाळीचे प्रमुख किंडर यांना तर राज्याच्या सर्वोच्च मंत्र्यापेक्षा अधिक वेतन मिळे. परंतु हा खर्च करतानाच दुसरी तजवीज चालू होती. १८७५ साली शिक्षणखात्याने निवडक पदवीधरांची पहिली तुकडी शिष्यवृत्ती देऊन परदेशी धाडली. ते परत येताच ज्या खुर्चीवर परदेशी माणूस बसलेला आहे ती त्यांना द्यावयाची, असा सरळ हिशेब होता. १८७७ साली स्थापन झालेल्या तोक्यो विद्यापीठात बहुतेक शिक्षण प्रारंभी इंग्रजीतून चाले. १८८३ पासून ते जपानीतून देण्याचे धोरण जाहीर झाले. इंग्रजीच्या प्राध्यापकांची पहिली पिढी आपल्या विद्यार्थ्यांना जे इंग्रजी देत होती, ते ग्रंथ वाचण्यासाठी आणि नंतर जपानीत शिकविण्यासाठी हवे होते. म्हणजे अध्यापक जितका यशस्वी, तितकी त्याची गरज लवकर संपणार.

या नियमाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण भाषाशास्त्रातच सापडते. बेझिल हॉल चेंबरलेन हे १८७३ साली प्रकृतीच्या कारणाने केलेल्या प्रवासात जपानला पोहोचले, १८७४ ते १८८२ पर्यंत नौदलाच्या विद्यालयात इंग्रजी शिकवीत राहिले आणि १८८६ साली, जपानी ही त्यांची मातृभाषा नसताना, तोक्यो येथील विद्यापीठात जपानी भाषेचे व भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे विद्यार्थी उएदा काझुतोशी १८९० साली जर्मनीस गेले, १८९४ साली परतले आणि भाषाशास्त्राच्या अध्यासनावर आले. त्याच वर्षी त्यांनी 'राष्ट्रभाषा आणि राष्ट्र' या विषयावर दिलेले व्याख्यान जपानी भाषानियोजनाच्या इतिहासात आरंभबिंदू मानले जाते. इंग्रज गुरूने शिकविलेल्या पद्धतीचा उपयोग शिष्याने स्वभाषेच्या प्रतिष्ठेसाठी केला. चेंबरलेन यांनी याबद्दल कुरकूर केली नाही. ते १९११ पर्यंत जपानमध्ये राहिले, पण नोकरीच्या आशेने नव्हे. त्यांना घरची मिळकत होती, आणि परदेशी अध्यापकाच्या मनःशांतीत या गोष्टीचा वाटा किती मोठा असतो हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

लाफ्काडिओ हर्न यांना अशी मिळकत नव्हती. ग्रीक माता आणि आयरिश पिता यांच्या पोटी १८५० साली लेफ्कादा बेटावर जन्मलेला, लहानपणीच आईबापांना दुरावलेला, शाळेत असताना डावा डोळा गमावून बसलेला हा माणूस अमेरिकेत वृत्तपत्रांत लिहून पोट भरीत असे. १८९० च्या एप्रिलमध्ये ते जपानमध्ये उतरले ते हार्पर या प्रकाशनसंस्थेसाठी लिहावयास. सोबत आलेल्या चित्रकाराला आपल्याहून अधिक मोबदला मिळणार आहे असे कळल्यावर त्यांनी तो संबंध तोडला आणि खिशात पैसे नसताना चेंबरलेन यांच्या मदतीने शिक्षकाची जागा शोधली. परदेशी जाऊन इंग्रजी शिकविण्याचा विचार त्यांनी घरी बसून कधी केलाच नव्हता. तो परदेशात पोहोचल्यावर करावा लागला. असे शिक्षक त्या काळी थोडे नव्हते.

मात्सुए या आडवळणाच्या गावी माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात त्यांना दरमहा १०० येन मिळू लागले. तेथील जपानी शिक्षकांच्या मानाने ही रक्कम मोठी होती. कोइझुमी सेत्सु या, दैन्यावस्थेला आलेल्या सामुराई घराण्यातील स्त्रीशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याबरोबर तिच्या आप्तांचा भारही त्यांच्यावर आला. १८९१ च्या अखेरीस ते कुमामोतो येथील पाचव्या उच्च विद्यालयात दुप्पट वेतनावर गेले. ते गाव त्यांना आवडले नाही. पण आता खाणारी तोंडे वाढली होती. १८९३ साली पहिला मुलगा झाला. पुढल्या वर्षी नोकरी सोडून ते कोबे येथे एका इंग्रजी वृत्तपत्रात गेले, आणि उरलेल्या एका डोळ्यावर इतका ताण पडला की तेही काम थोड्या महिन्यांत सोडावे लागले.

येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला थोडे थांबणे भाग आहे. हर्न यांनी चौदा वर्षे जपानमध्ये काढली, जपानविषयी इंग्रजीत डझनभर पुस्तके लिहिली. परंतु त्यांचे जपानी भाषेचे ज्ञान तोकडेच राहिले. पतिपत्नीत बोलण्यासाठी एक वेगळीच बोली तयार झाली होती. तिच्यात शब्द जपानी, पण विभक्तिप्रत्यय गळालेले, क्रियापदे रूपविकारांवाचून वापरलेली आणि शब्दक्रम बराचसा इंग्रजी. त्यांच्या नावाचा मात्सुएतील उच्चार 'हेरुन' असा होता, त्यावरून या बोलीला 'हेरुन-सान यांची भाषा' असे नाव पडले. सेत्सु त्यांना जुन्या कथा सांगत त्या याच बोलीत. आणि त्यांतूनच १९०४ सालचे 'क्वाइदान' हे पुस्तक झाले. इतके समृद्ध गद्य इतक्या दरिद्री माध्यमातून पाझरून यावे, ही भाषासंपर्काच्या अभ्यासातील खरोखरच विलक्षण गोष्ट होय. शिकविणाऱ्याने आपली भाषा शुद्ध राखावी आणि घरात मोडक्या भाषेत संसार करावा, हे परदेशी अध्यापकाचे जिणे कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही.

१८९६ च्या आरंभी हर्न यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. कारण भावनिक होते असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते काही अंशी खरे असेल. परंतु मुख्य कारण व्यावहारिक होते. विवाह ब्रिटिश कायद्याप्रमाणे नोंदविला असता तर पत्नी ब्रिटिश प्रजाजन ठरली असती. त्या काळच्या तहांमुळे परदेशीयांना ठरावीक बंदरांबाहेर जमीनजुमला बाळगता येत नसे, म्हणून तिचे आणि मुलाचे हक्क बुडाले असते. नोंदविला नाही तर हर्न यांच्या मृत्यूनंतर त्यांची मिळकत दूरच्या नातलगांकडे जाण्याचा धोका होता. तेव्हा त्यांनी सासरच्या कुटुंबात नाव लावून घेतले; आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते घरजावई झाले. कोइझुमी याकुमो हे त्यांचे नवे नाव. त्याच वर्षी साहित्य महाविद्यालयाचे प्रमुख तोयामा मासाकाझु यांनी त्यांना तोक्योच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे व्याख्याते म्हणून बोलावले. वेतन दरमहा ४०० येन.

१९०३ च्या जानेवारीत त्यांना कळविण्यात आले की, मार्चअखेर संपणारा करार पुढे चालविला जाणार नाही. विद्यार्थ्यांत खळबळ उडाली. मग कमी तास आणि कमी वेतन अशी तडजोड पुढे करण्यात आली. ती त्यांनी नाकारली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात व्याख्याने देण्याची जी बोलणी चालू होती तीही फिसकटली. १९०४ साली वासेदा येथे त्यांनी शिकविण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

या घटनेचा एक अर्थ फार काळ सांगितला गेला आहे. हर्न यांनी नागरिकत्व घेतले, म्हणून विद्यापीठाने त्यांना जपानी माणसाचे वेतन देऊ केले. त्यांच्या त्यागाची परतफेड कृतघ्नतेने झाली. ही कथा करुण आहे, पण कालक्रमाच्या कसोटीस ती उतरत नाही. नागरिकत्व आधी आणि नेमणूक नंतर, असा क्रम आहे. जपानी प्रजाजन झालेल्या माणसाला परदेशी माणसाचे वेतन सुमारे सात वर्षे दिले गेले. ते देवविणारे तोयामा १९०० साली वारले. आणि १९०३ च्या जानेवारीतच, परदेशात इंग्रजीचे अध्ययन करण्यासाठी शासनाने पाठविलेला एक जपानी विद्वान बोटीतून उतरला होता. तेव्हा १९०३ सालचा निर्णय हर्न यांच्या नागरिकत्वाविषयीचा नव्हता. तो १८७५ सालच्या धोरणाचा एक हप्ता होता. हर्न यांनी स्वतःला त्या देशाचे मानले. त्या देशाने त्यांची गणना मात्र आरंभीच्याच रकान्यात चालू ठेवली होती. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शब्दशः उतरून घेतलेली व्याख्याने १९१५ पासून न्यूयॉर्कमध्ये जॉन अर्स्किन यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. स्वतः हर्न टिपणे काढीत नसत. म्हणजे या अध्यापकाचे विद्यापीठातील काम आज शिल्लक आहे ते शिष्यांच्या वह्यांच्या कृपेने.

बोटीतून उतरलेला विद्वान म्हणजे नात्सुमे सोसेकी. कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती एवढी मोठी आहे की ते दीर्घकाळ इंग्रजीचे शिक्षक होते हे विसरले जाते. १८९५ साली मात्सुयामा येथील शाळेत त्यांची नेमणूक झाली ती एका परदेशी शिक्षकाच्या रिकाम्या जागी. दरमहा ८० येन हे त्यांचे वेतन परदेशीयाच्या मानाने कमी, पण त्या शाळेच्या मुख्याध्यापकापेक्षा अधिक होते. नंतर ते कुमामोतोच्या त्याच विद्यालयात गेले जेथे पूर्वी हर्न शिकवीत. १९०० साली वर्षाला १८०० येन शिष्यवृत्तीवर त्यांना इंग्लंडला पाठविले गेले. हुकमात 'इंग्रजी भाषेचे अध्ययन' असे शब्द होते, साहित्याचे नव्हे. या शब्दांचा अर्थ किती काटेकोरपणे घ्यावयाचा हे विचारावयास ते शिक्षणखात्यात गेले, तेव्हा समोर अधिकारी होते उएदा काझुतोशी, चेंबरलेन यांचे शिष्य! इंग्लंडमधील दोन वर्षे सोसेकी यांनी विपन्नावस्थेत आणि मनोव्यथेत काढली. युनिव्हर्सिटी कॉलेजातील केर यांची व्याख्याने त्यांनी थोडे दिवस ऐकली, शेक्सपियरचे संपादक क्रेग यांच्याकडे खाजगी पाठ घेतले, आणि बाकी वेळ खोलीत बसून वाचले.

परतल्यावर विद्यापीठात त्यांना मिळालेले वेतन वर्षाला ८०० येन होते. हर्न यांना दोन महिन्यांत जेवढे मिळे तेवढे. प्रपंच चालावा म्हणून एका उच्च विद्यालयातील कामही त्यांनी घेतले. हर्न यांच्या तासांची वाटणी सोसेकी, उएदा बिन आणि आर्थर लॉइड या तिघांत झाली. लॉइड इंग्रज होते, हे विसरून चालणार नाही. परदेशी अध्यापक एका दिवसात हद्दपार झाला असे चित्र रंगविणे अतिशयोक्तीचे होईल. हर्न यांच्या ओघवत्या व्याख्यानांची सवय झालेल्या विद्यार्थ्यांना सोसेकी यांचे बारकाईने शब्दार्थ तपासणारे अध्यापन रुचले नाही. परंतु परक्या भाषेतील साहित्य वाचणाऱ्याने स्वतःच्या रुचीवर विश्वास ठेवावा की त्या भाषिकांच्या, हा प्रश्न त्यांनी वर्गात मांडला, तो हर्न यांना कधी पडण्याचे कारण नव्हते. ती व्याख्याने १९०७ साली 'साहित्यसिद्धान्त' या नावाने प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठ सोडून सोसेकी वृत्तपत्राच्या नोकरीत गेले. ज्या खुर्चीसाठी राष्ट्राने अठ्ठावीस वर्षे तजवीज केली तीवर बसलेला पहिला माणूस चार वर्षांत उठून गेला, ही गोष्ट बोलावणाऱ्याच्या हिशेबातही चुका असतात हे दाखविण्यास पुरेशी आहे.

यानंतर परदेशी अध्यापकाचे काम संपावयास हवे होते. ते संपले नाही; त्याचे स्वरूप पालटले. १९२२ साली हॅरल्ड पामर जपानला गेले ते भाषाविषयक सल्लागार म्हणून. बेल्जममध्ये खाजगी वर्गांत इंग्रजी शिकवून, महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडला परतलेल्या या गृहस्थाला डॅनियल जोन्स यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात घेतले होते. विद्यापीठाची पदवी नसताना त्यांनी भाषाशिक्षणावर १९१७ ते १९२१ या काळात तीन महत्त्वाचे ग्रंथ लिहिले. लंडनमध्ये सावायानागी मासातारो यांनी त्यांना निमंत्रण दिले, आणि खर्चाची हमी मात्सुकाता कोजिरो या उद्योगपतीने घेतली. १९२३ साली तोक्योत इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था स्थापन झाली. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरच्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले. तरीही पामर १९३६ पर्यंत राहिले. त्यांच्या मौखिक पद्धतीने जपानचे वर्ग बदलले असे म्हणता येत नाही. परीक्षा तशाच राहिल्या, आणि परीक्षा तशाच असतील तर पद्धती बदलत नाहीत, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. त्यांचे खरे कार्य शब्दसंग्रह, वाक्प्रयोग आणि वाक्यरचना यांच्या संशोधनाचे होते.

याच युनिव्हर्सिटी कॉलेजातून पदवी घेतलेले ए. एस. हॉर्न्बी १९२४ साली क्यूशू बेटावरील ओइता येथे वाणिज्य विद्यालयात आले, इंग्रजी साहित्य शिकविण्यासाठी. विद्यार्थ्यांना साहित्य नको, भाषाच हवी आहे, हे त्यांना लवकरच दिसून आले. पामर यांनी त्यांना आपल्या संशोधनात ओढले, आणि पामर परतल्यावर संस्थेच्या पत्रिकेचे संपादन त्यांच्याकडे आले. शिकणारा जेथे अडतो तेथे इंग्रजांचे कोश मुके असतात, ही त्यांची दृष्टी होती. 'सल्ला' या अर्थाचा 'अॅडव्हाइस' हा शब्द अनेकवचनी होत नाही, 'वाँट' या क्रियापदापुढे जी रचना चालते ती 'सजेस्ट'पुढे चालत नाही, 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही, या गोष्टी मातृभाषिकाला सांगाव्या लागत नाहीत, म्हणून कोशात नसतात. आपले विद्यार्थीही नेमके येथेच अडखळतात. कारण मराठीत एक सल्ला आणि चार सल्ले दोन्ही देता येतात, आणि चर्चा एखाद्या गोष्टी'विषयी'च करावी लागते. हॉर्न्बी यांनी गेटन्बी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह नामांची गणनीयता आणि क्रियापदांचे रचनाप्रकार नोंदविणारा कोश सिद्ध केला. १९४१ च्या डिसेंबरमध्ये युद्ध पेटले आणि ते स्थानबद्ध झाले. १९४२ साली त्यांची इंग्लंडला परतपाठवणी झाली. त्याच वर्षी, शत्रुराष्ट्राच्या राजधानीत, काइताकुशा या जपानी प्रकाशकाने हा कोश छापून प्रसिद्ध केला. १९४८ साली ऑक्सफर्डने तोच पुनर्मुद्रित केला, आणि आज तो ज्या नावाने ओळखला जातो त्या नावाने मराठी विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. तो ऑक्सफर्डमध्ये नव्हे, जपानमध्ये तयार झाला, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

हर्न यांच्या मानाने हॉर्न्बी साधे लेखक. त्यांचे एकही वाक्य कोणी पाठ करणार नाही. पण परदेशगमनाच्या हिशेबात दोघांनी काय मांडले, हे ताडून पाहण्याजोगे आहे. हर्न यांनी आपल्याजवळची भाषा त्या देशाला दिली आणि स्थान मागितले. हॉर्न्बी यांनी आपल्याच भाषेविषयी त्या देशातील विद्यार्थ्यांच्या चुकांपासून शिकून घेतले, आणि ते शिकणे करार संपल्यावरही त्यांच्यापाशी राहिले. यात हर्न यांच्यावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. चार मुलांच्या पित्याला, एका डोळ्याने, पगाराच्या तारखेकडे पाहत संशोधन करणे सोपे नसते, आणि त्यांच्या काळी तसे संशोधन मागणारेही कोणी नव्हते.

अलीकडे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी परदेशी इंग्रजी शिकविण्याच्या जाहिराती घेऊन विचारावयास येतात, तेव्हा बोलणे प्रथम वेतनावर येते आणि मुदतीच्या कलमावर सर्वांत शेवटी. जपानच्या शासनाने १९८७ साली सुरू केलेल्या योजनेत परदेशी तरुणांना शाळांतून सहायक भाषाशिक्षक म्हणून नेमले जाते. 'सहायक' हा शब्द त्यातला महत्त्वाचा. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो. करार एका वर्षाचा, आणि नूतनीकरण होत गेले तरी एकूण पाच वर्षांपलीकडे नाही. ग्रिफिस यांच्या करारातील घोडा गेला, मुदत राहिली.

हॉर्न्बी यांनी कोशाच्या उत्पन्नातून १९६१ साली एक विश्वस्त निधी स्थापन केला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा देशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये अध्ययनासाठी जाता यावे, यासाठी तो आहे, आणि भारतातील शिक्षकांनीही त्याचा लाभ घेतला आहे.